डिड नॉट वेन्ट

आमच्या टीमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर एक स्टिकर फिरत होता. बंद पडलेल्या एसटीचा फोटो आणि खाली तीन शब्द : ‘डिड नॉट वेन्ट’. कुणाचं काम अडलं, कुणाचं पार्सल आलं नाही, कुणाला सुट्टी नाकारली, की तो स्टिकर पडायचा. हे शब्द टीममधल्या एका ज्युनिअर मुलीच्या मेसेजमधले. तिने लिहिलं होतं, ‘सर्व्हर डिड नॉट वेन्ट डाऊन, इट इज हॅविंग प्रॉब्लेम सिन्स मॉर्निंग.’ त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणारा मी होतो. तो ग्रुप तिच्याशिवायचा होता. पण असे ग्रुप किती दिवस लपून राहतात?

मी दौंड तालुक्यातल्या केडगावचा. ती आमच्यापासून दोन स्टेशनं अलीकडची. पुण्याहून घरी जाताना कधीकधी आम्ही एकाच डेमूला असतो. म्हणजे हसायचा हक्क सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो मला. लहानपणी सुट्टीत आत्याकडे पुण्याला गेलो की मी ‘पानी’ म्हटल्यावर भावंडं हसायची. ‘लोनी स्टेशन गेलं का?’ एवढं विचारलं तरी हसायची. पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, ‘ण’ आला, इंग्रजी आलं आणि हसणाऱ्यांच्या बाकावर जागा मिळाली.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. इंग्रजीतल्या चुकांना आपण सगळे सारखे हसत नाही. काही चुकांना हसतो आणि काहींकडे बघतही नाही. कोणत्या चुकीला हसतो, यावरून आपण नेमकं कुणाला हसतोय हे कळतं. ते तपासायला मी एक कविता, एक सिनेमा आणि आमच्याच गावच्या एका बाईंची पत्रं घेतली आहेत. पण आधी ते वाक्य उघडून बघू. कोड वाचल्याशिवाय बग शोधू नये, एवढं तरी नोकरीने शिकवलंय.

‘डिड नॉट वेन्ट’ मध्ये चूक काय? इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने उचलला, मागचं क्रियापद मोकळं. म्हणून ‘डिड नॉट गो’. आता मराठी बघा : ‘तो गेला नाही’. इथे भूतकाळ ‘गेला’ मध्ये आहे आणि ‘नाही’ फक्त नकार देतं. मराठी डोक्याला भूतकाळ मुख्य क्रियापदावर ठेवायची सवय असते. इंग्रजी बोलताना ते ‘डिड’ लावतं, कारण शाळेत तसं शिकवलंय, आणि सवयीने ‘वेन्ट’ ही ठेवतं. अडाणीपणा म्हणावा असं यात काही नाही. दोन भाषांचे नियम एकाच वेळी पाळले गेलेत.

‘इज हॅविंग’ चंही तसंच. ‘त्याला त्रास होतोय’ यातलं ‘होतोय’ चालू वर्तमानकाळात आहे. इंग्रजीत मात्र ‘असणं’, ‘समजणं’, ‘माहीत असणं’ अशी क्रियापदं साधारणपणे चालू काळात जात नाहीत. ‘मला समजतंय’ हे मराठीत स्वच्छ वाक्य. त्याचं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ केलं की लोक हसतात. ‘मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय’ हे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असं उतरतं. ‘तू येणार ना?’ मधला ‘ना’ कोणत्याही क्रियापदामागे चालतो, म्हणून ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ होतं. गंमत म्हणजे लंडनच्या रस्त्यावरची पोरं ‘इनिट’ म्हणतात, तो याच ‘इझन्ट इट’ चा झिजलेला भाऊ आहे, आणि तोही वाटेल त्या वाक्यामागे लागतो. तिथे ती स्टाइल ठरते.

आता दुसऱ्या प्रकारच्या चुका. ज्या सहकाऱ्याने तो स्टिकर बनवला, तो पुण्यातल्या इंग्रजी शाळेत शिकलेला, फाडफाड बोलणारा. त्याच्या प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये ‘सिस्टीम अँड इट्स यूजर्स’ मधल्या ‘इट्स’ वर टिकली असते, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी. ती तिथे नको. आमचा अमेरिकेतला क्लायंट चॅटवर ‘शुड हॅव’ च्या जागी बिनधास्त ‘शुड ऑफ’ लिहितो. ‘यू आर वेलकम’ च्या जागी ‘तुझं वेलकम’ असा अर्थ होणारं ‘युअर’ तर रोजचंच. यातल्या एकाचाही कुणी स्टिकर केला नाही.

या चुका कानाच्या आहेत. ‘शुड हॅव’ बोलताना आखडून ‘शुडव्ह’ होतं आणि ते ‘शुड ऑफ’ सारखं ऐकू येतं. जो इंग्रजी आधी कानाने आणि मग डोळ्याने शिकला, तो ही चूक करतो. आपल्यासारख्यांनी ‘शुड’ आणि ‘हॅव’ फळ्यावर सुटे सुटे वाचलेले असतात, म्हणून आपल्या हातून ती फारशी होत नाही. म्हणजे ‘शुड ऑफ’ लिहायला आधी घरात इंग्रजी असावं लागतं.

शब्द आखडणं आपल्यालाही नवीन नाही. ‘करतो आहे’ चं ‘करतोय’, ‘झालं आहे’ चं ‘झालंय’, ‘नको आहे’ चं ‘नकोय’. मधलं काय गळालं याची खूण आपण ठेवत नाही. इंग्रजी ठेवतं, गळालेल्या अक्षराच्या जागी वर टिकली देतं. पुन्हा तीच टिकली मालकी दाखवायलाही वापरतं, ‘रामचं घर’ मधल्या ‘चं’ सारखी. आणि वर सर्वनामांना त्यातून सूट देतं : ‘त्याचं’, ‘तिचं’, ‘त्या वस्तूचं’ या अर्थाच्या शब्दांवर टिकली नाही. मग माणसं गोंधळणारच. मालकी दाखवणारा ‘इट्स’ हा शब्द इंग्रजीत तसा उशिराचाच. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो जवळजवळ नाहीच. पुढे बराच काळ तो टिकलीसकटही लिहिला जायचा. जेन ऑस्टेनने किशोरवयात लिहिलेल्या एका गोष्टीच्या नावात ‘फ्रेंडशिप’ चं स्पेलिंग उलटसुलट आहे. ते आजही तसंच छापतात, कौतुकाने.

हे देवनागरीत लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. टिकलीचा ‘इट्स’ आणि बिनटिकलीचा ‘इट्स’ इथे सारखेच दिसतात. ऐकायलाही सारखेच. ती चूक फक्त रोमन लिपीतल्या कागदावर राहते. ‘डिड नॉट वेन्ट’ मात्र कोणत्याही लिपीत लिहा, फोनवर बोला, लपत नाही. टिकली चुकवणारा माणूस कुठला, हे टिकलीवरून कळत नाही. क्रियापद चुकवणाऱ्याच्या घरात कोणती भाषा बोलतात, हे लगेच कळतं. मला वाटतं आपण हसतो ते या कळण्याला.

या हसण्याची सगळ्यात प्रसिद्ध कविता मुंबईत लिहिली गेली. निसीम इझिकेल (१९२४–२००४) हे बेने इस्रायली कुटुंबातले, म्हणजे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्या समाजातले. त्यांनी कविता इंग्रजीत लिहिली आणि वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवादही केले. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही त्यांची कविता म्हणजे एक निरोपाचं भाषण. पुष्पाबाई परदेशी निघाल्यात, सहकारी जमलेत, आणि एक जण बोलतोय. जवळजवळ प्रत्येक क्रियापद चालू वर्तमानकाळात. बोलता बोलता तो सुरतेला जातो, ओळखीपाळखीत शिरतो, परत पुष्पाबाईंच्या स्वभावावर येतो.

कवीचा कान तीक्ष्ण आहे. असं भाषण आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि मी पहिल्यांदा वाचली तेव्हा लोकलमध्ये एकटाच हसलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोन गोष्टी खटकल्या. पहिली व्याकरणाची. खरा बोलणारा माणूस चालू काळ सगळीकडे लावत नाही. ‘असणं’, ‘समजणं’ अशा ठिकाणी तो घसरतो, बाकी क्रियापदं बरीचशी नीट लावतो. कवितेतला माणूस थांबतच नाही. एका खऱ्या लकबीचा मुखवटा केलाय. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नाही. त्याचं व्याकरण पोकळ आणि बोलणंही पोकळ, आणि दोन्ही इतकं एकत्र चालतं की वाचकाला एक दुसऱ्याचं कारण वाटू लागतं. जणू क्रियापद चुकलं म्हणजे डोक्यातही काही नसणार. काही वाचकांना ही कविता प्रेमळ वाटते. मला त्यात प्रेम आहे असं वाटतं, पण मालकाचं नोकरावर असतं त्या जातीचं.

त्याच धाटणीची त्यांची ‘द पेट्रियट’ ही कविता मला म्हणून जास्त आवडते. तिथेही तोच चालू काळ, तेच हसू. पण त्या माणसाला काळजी आहे. जगात सगळे भांडतायत याची, शेजारी देशांची, नव्या पिढीची. इंग्रजी सुधारावं म्हणून तो रोज पेपर वाचतो. आणि मध्येच तो समोरच्याला लस्सी विचारतो. तिथे माझं हसू थांबलं. ज्याने मला लस्सी विचारली त्याचा स्क्रीनशॉट काढणं अवघड जातं. इझिकेल यांना हे जमत होतं, म्हणूनच पुष्पाबाईंच्या पार्टीत ते केलं नाही याची चुटपुट लागते.

मग सिनेमा. गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२ साली आला तेव्हा मी शाळेत होतो, आणि आई तो टीव्हीवर लागला की अजूनही बघते. पुण्याची शशी गोडबोले, म्हणजे श्रीदेवी, लाडू करून विकते. घरात तिच्या इंग्रजीची थट्टा होते. ‘जॅझ’ ला ‘झाझ’ म्हणाली म्हणून मुलं हसतात, नवरा हसतो. भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला गेल्यावर ती गुपचूप चार आठवड्यांचा क्लास लावते. कॅफेच्या काउंटरवर तिची जी तारांबळ उडते, तो प्रसंग हिंदी सिनेमातल्या सगळ्यात खऱ्या प्रसंगांपैकी एक आहे. पुण्यातल्या एका चकचकीत कॉफीच्या दुकानात मी तो जगलोय.

हा सिनेमा इझिकेल यांच्या कवितेच्या उलट बाजूला उभा आहे. तो चूक करणाऱ्याच्या शेजारी बसतो आणि हसणाऱ्यांना लाज आणतो. क्लासमध्ये शशी विचारते की अमेरिकेच्या नावामागे ‘द’ का आणि इंडियाच्या का नाही. नियम पाठ नसलेला माणूसच कधीकधी नियमाकडे नीट बघतो, हे दिग्दर्शिकेने छान पकडलंय. शेवटचं लग्नातलं भाषणही अडखळतंच ठेवलंय. शशीचं इंग्रजी अचानक गुळगुळीत होत नाही.

तरी एक गाठ सुटत नाही. लाडूंच्या गोंधळात शशीची परीक्षा हुकते. सिनेमा काय करतो? लग्नातलं भाषण हीच परीक्षा ठरवतो, शिक्षक तिथेच तिला पास करतात, तेही डिस्टिंक्शनने. टाळ्या, नवऱ्याचे खाली गेलेले डोळे, मुलीचे अश्रू, सगळं त्या भाषणानंतर. म्हणजे मान मिळाला तो इंग्रजीत उभं राहून दाखवल्यावरच. ती त्या दिवशी मराठीत बोलली असती, किंवा गप्प बसली असती, तर घरच्यांनी हसायचं थांबवलं असतं का? सिनेमा हा प्रश्न विचारायच्या अगदी जवळ येतो आणि मग सर्टिफिकेट देऊन मोकळा होतो. दुसरं असं, की शशीला इंग्रजी येत नाही याने तिची अब्रू जाते, पोट अडत नाही. आमच्याकडे गुऱ्हाळावर राबणाऱ्याच्या पोराला इंटरव्ह्यूच्या दारात जे इंग्रजी अडवतं, ते चार आठवड्यांत आणि एका भाषणात निपटत नाही.

तिसरा मजकूर आमच्या गावचा. केडगाव स्टेशनला उतरून कुणालाही विचारा, ‘मिशन’ दाखवतील. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आम्ही त्याच्यासमोरून सायकलने शाळेत गेलो आणि बाईंचं एक पानही वाचलं नाही. मी वाचलं ते स्टिकरचं प्रकरण झाल्यावर.

रमाबाई व्याकरणाच्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. आईनेच त्यांना संस्कृत शिकवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८२ मध्ये पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. वाँटेजच्या जोगिणींकडे आणि मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या राहिल्या, शिकल्या, संस्कृत शिकवलंही. १८८७ साली त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ अमेरिकेत छापून आलं. दुभाष्यामार्फत साक्ष देण्यापासून इंग्रजीत पुस्तक लिहिण्यापर्यंत पाच वर्षं.

या पाच वर्षांतली त्यांची पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनी जमवून ठेवली आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये ती पुस्तकरूपात आली. खरं सांगतो, मी ती उघडली चुका शोधायला. एवढ्या मोठ्या बाईचंही क्रियापद कुठेतरी घसरलं असेल आणि मला तेवढाच दिलासा मिळेल, असा हिशेब. दहा-बारा पानांनंतर चुका बघायचं विसरूनच गेलो, कारण बाई भांडत होत्या. ख्रिस्ती झाल्या म्हणून चर्च सांगेल ते सगळं मानणार नाही, हे सांगत होत्या. क्रॉसवरचे शब्द लॅटिनमध्येच कशाला, आमच्यासाठी संस्कृत का चालू नये, हे विचारत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावर बिशपांचा सल्ला घेतला गेला, तेव्हा आपलं बरंवाईट आपल्याला कळतं, असं त्यांनी सुनावलं. ही भाषा त्यांना येऊन दोन-तीन वर्षंही झाली नव्हती. समोरचे सगळे त्या भाषेत जन्मलेले, त्यांना आसरा देणारे. इंग्रजी पक्कं होईपर्यंत थांबते आणि मग बोलते, असा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

इझिकेल यांच्या कवितेतल्या माणसाकडे चुकीची क्रियापदं आहेत आणि म्हणणं नाही. शशीकडे म्हणणं आहे, पण ते परीक्षेच्या दिवसापर्यंत साठवावं लागतं. रमाबाईंनी म्हणणं आधी ठेवलं, व्याकरण त्याच्या मागून चालत आलं. आणि व्याकरण येत असलेला माणूस ते कसं वापरतो, हेही केडगावातच दिसतं. आयुष्याच्या शेवटी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये त्या गेल्या. मिशनच्याच छापखान्यात छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये पुरं बाहेर आलं. अठरा हजार श्लोक पाठ असलेली बाई जड शब्द वेचून बाजूला काढत होती. आमच्यासारखे नव्याने इंग्रजी आलेले लोक याच्या बरोबर उलटं करतात.

म्हणजे चुका सुधारूच नयेत का? सुधाराव्यात. काही चुकांनी खरंच नुकसान होतं, फक्त त्या आपण हसतो त्या नसतात. मराठीत ‘मी काल ते दुरुस्त केलं होतं’ हे साधं भूतकाळासारखं चालतं. तेच ‘आय हॅड फिक्स्ड इट’ असं लिहिलं की अमेरिकेतला माणूस पुढच्या वाक्याची वाट बघतो : केलं होतं, मग परत बिघडलं का? या एका ‘हॅड’ पायी माझे दोन मेल आणि एक कॉल वाया गेलाय. त्या ‘हॅड’ चा स्टिकर कुणी केला नाही, कारण त्याला हसू येत नाही. ‘डिड नॉट वेन्ट’ मात्र पूर्ण कळतं. सर्व्हर बंद नाही, अडखळतोय, सकाळपासून. हवी ती सगळी माहिती त्या मेसेजमध्ये होती. मी ती वाचलीच नव्हती, क्रियापद वाचलं होतं.

त्याची किंमत नंतर कळली. स्टिकरबद्दल तिला समजल्यावर तिचे मेसेज ‘ओके’ आणि ‘डन’ वर आले. काही महिन्यांनी एका रिलीजमध्ये एकाच ऑर्डरची दोन-दोन बिलं निघाली. शुक्रवारची रात्र आणि सगळा शनिवार त्यात गेला. रविवारी डेमूत ती भेटली. मी विषय काढला तर म्हणाली, “दादा, मला ते आधीच दिसलं होतं. रिप्लाय उशिरा आला की रिक्वेस्ट परत जात होती. पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत मीटिंग संपली.”

उरुळीपासून यवतपर्यंत मी काही बोललो नाही. मग स्क्रीनशॉट मी टाकला होता, हे सांगितलं. ती म्हणाली, “माहितीये.” आणि खिडकीकडे वळली.

स्टिकर ग्रुपमधून गेला, म्हणजे मी सगळ्यांना तो काढायला लावला, आणि दोघांनी तोंड वाकडं केलं. आता टीममध्ये एवढंच ठरलंय की बग आधी सांगायचा, मराठीत, हिंदीत, कशाही इंग्रजीत, आणि वाक्य नंतर नीट करायचं. मागच्या आठवड्यात तिने दीड पानाचा रिपोर्ट लिहिला. त्यात दोन ‘हॅविंग’ होते, ते मी तसेच ठेवले. एक ‘हॅड’ होता तो बदलला आणि का बदलला ते तिला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग माझं डॉक्युमेंट उघडून म्हणाली, “दादा, तुमच्या या इट्सवर टिकली नकोय.”